लहानपणी हृदयाचं ऑपरेशन झालंय, आता पुन्हा डॉक्टरकडे कशाला?

पत्र : मी 29 वर्षांची आहे. सातारा जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. चार वर्षांची असताना, 2000 साली, मुंबईत माझं हृदयाचं मोठं ऑपरेशन झालं. त्याआधी मी रडले की ओठ आणि नखं निळी पडायची, असं आई सांगते. घरात सगळे ‘हृदयाला भोक होतं’ एवढंच म्हणतात. जुन्या कागदावर ‘टीओएफ’ असं लिहिलंय. पंधरा वर्षांची होईपर्यंत दरवर्षी दाखवायला जायचो. शेवटच्या वेळी ‘सगळं छान आहे’ म्हणाले. मग बाबा गेले आणि मुंबईला जाणं राहूनच गेलं. आता लग्नाला दोन वर्षं झाली. ऑपरेशन झालंय एवढं नवऱ्याला माहीत आहे, पण कशाचं ते नाही. सासरी बाकी कुणालाच माहीत नाही. गेले काही महिने शाळेचा जिना चढताना दम लागतो. दोनदा रात्री छातीत एकदम धडधड सुरू झाली आणि दहा-पंधरा मिनिटांनी एकदम थांबली. इथल्या डॉक्टरांनी ईसीजी काढला. ‘आरबीबीबी आहे, तुमच्यासारख्यांना असतोच’ म्हणाले आणि रक्तवाढीच्या गोळ्या दिल्या. टूडी इकोही केला, त्यात ‘ईएफ 60 टक्के, नॉर्मल’ आलं. घरात आता मुलाचा विषय निघतो. आई म्हणते, झालं-गेलं उकरून काढू नकोस. मला पुन्हा तपासणी करायलाच हवी का? पुन्हा ऑपरेशन करावं लागेल का? मूल होऊ शकतं का? आणि सासूबाईंना सांगायचं का?

प्रिय ताई,

उत्तरं आधी देते, कारणं नंतर सांगते. तपासणी करायलाच हवी, आणि ती याच महिन्यात. पुन्हा काही करावं लागण्याची शक्यता आहे, पण ते तपासण्या झाल्यावरच ठरेल, आणि करावं लागलं तरी ते दर वेळी छाती उघडूनच करतात असं आता राहिलेलं नाही. मूल बहुधा होऊ शकेल, मात्र आधी तपासणी आणि मगच दिवस राहू द्यायचे. नवऱ्याला या आठवड्यातच सगळं सांगा. सासूबाईंबद्दल शेवटी बोलते.

‘टीओएफ’ म्हणजे टेट्रालॉजी ऑफ फॅलो. फ्रान्समधल्या मार्सेय शहरातल्या फॅलो नावाच्या डॉक्टरांनी 1888 मध्ये याचं नीट वर्णन केलं, म्हणून त्यांचं नाव. घरचे म्हणतात तसं भोक तर होतंच, हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला. पण तुम्ही निळ्या पडायचात त्याचं मूळ दुसरीकडे होतं. उजव्या कप्प्यातून फुप्फुसांकडे रक्त जाण्याची वाट अरुंद होती. तिकडे जायला जागा नाही म्हटल्यावर रक्त भोकातून डावीकडच्या रक्तात मिसळायचं आणि ऑक्सिजन न घेताच अंगभर फिरायचं.

तुमच्या सर्जननी भोकावर पॅच शिवला आणि ती अरुंद वाट मोकळी केली. पुष्कळ मुलांमध्ये ही वाट झडपेपाशीच इतकी बारीक असते, की झडपेचं कडंच कापून तिथे पॅच लावून ती रुंद करावी लागते. त्यानंतर मूल गुलाबी होतं, खेळायला लागतं, वजन धरतं. पण ती झडप पुढे कधी नीट मिटत नाही. कडी मोडलेल्या दारासारखी ती दोन्हीकडे झुलते आणि फुप्फुसांकडे गेलेल्या रक्तातलं काही रक्त प्रत्येक ठोक्याला उजव्या कप्प्यात परत येतं. तुमच्या झडपेचं कडं कापलं होतं का, हे ऑपरेशनच्या कागदांतून किंवा नीट केलेल्या इकोमधून कळेल.

यात त्या सर्जनचं काही चुकलं नव्हतं, हे मला ठासून सांगायचं आहे. असं पहिलं ऑपरेशन 1954 मध्ये अमेरिकेत, मिनेसोटा विद्यापीठात, वॉल्टन लिलेहाय यांनी केलं. तेव्हा ऑपरेशन चालू असताना हृदय-फुप्फुसांचं काम करणारं बायपास मशीन भरवशाचं नव्हतं, म्हणून दुसऱ्या जिवंत माणसाच्या रक्ताभिसरणाशी मुलाचं रक्ताभिसरण जोडून ते पार पाडलं. ज्यांतली पुष्कळशी मुलं एरवी शाळेचं वयही गाठत नव्हती, ती वाचायला लागली. त्या आनंदापुढे झडपेची थोडी गळती कुणाला मोठी वाटली नाही. कित्येक वर्षं ती निरुपद्रवीच मानली जायची. ती मुलं तिशी-चाळिशीची झाली तेव्हा दिसलं, की वीस-पंचवीस वर्षं जास्तीचं रक्त झेलून उजवा कप्पा ताणला जातो, मोठा होतो, काहींचा थकतो, आणि ताणलेल्या स्नायूतून ठोक्यांची गडबड सुरू होते. तुमच्या ऑपरेशनला पंचवीस वर्षं झाली. तुमचा दम आणि तुमची धडधड बरोबर त्याच काळात आली आहे. म्हणूनच हे पत्र वाचल्यावर मी रक्तवाढीच्या गोळ्यांवर समाधान मानायला तयार नाही. हिमोग्लोबिन कमी असेल तर गोळ्या जरूर घ्या, पण ते एकच कारण आहे असं धरून बसू नका.

आता तुमच्याकडच्या दोन तपासण्यांकडे येऊ, कारण त्या ‘नॉर्मल’ वाटल्या म्हणून तुम्ही थांबला आहात.

‘ईएफ’ म्हणजे कप्पा एका ठोक्याला आतलं किती टक्के रक्त बाहेर टाकतो ते. इकोमधला ‘ईएफ 60 टक्के’ हा आकडा हृदयाच्या डाव्या कप्प्याचा असतो. तो चांगला आहे, आनंद आहे. पण तुमच्या आजाराची सगळी गोष्ट उजव्या बाजूची आहे. गावोगावी होणारे बहुतेक इको हार्ट अटॅक आणि ब्लडप्रेशरच्या रुग्णांना समोर ठेवून केलेले असतात, त्यात डावी बाजू बारकाईनं बघतात आणि उजवीवर एखादी ओळ लिहितात. शिवाय उजवा कप्पा छातीच्या हाडामागे असतो, त्याचा आकारही वेडावाकडा, त्यामुळे इकोमध्ये तो पूर्ण मापता येत नाही. तुमच्या इकोत वेगळ्या गोष्टी बघायच्या आहेत: फुप्फुसाकडच्या झडपेतून गळती किती, उजवा कप्पा किती मोठा आणि त्याचा जोर कसा आहे, वाट कुठे पुन्हा अरुंद झाली आहे का, पॅचच्या कडेनं भोक उरलं आहे का, आणि महारोहिणी, म्हणजे हृदयातून अंगभर रक्त नेणारी मोठी रक्तवाहिनी, मुळाशी फुगली आहे का. ही पुन्हा केलेली तीच तपासणी नाही. जन्मजात आजार बघणाऱ्या माणसानं केलेला इको हा वेगळाच इको असतो.

ईसीजीबद्दल तुमच्या डॉक्टरांनी सांगितलं ते खरंच आहे. या ऑपरेशननंतर उजव्या बाजूची विजेची वाट जवळजवळ सगळ्यांची अडलेली दिसते, त्यालाच ते आरबीबीबी म्हणाले. पण ‘असतोच’ म्हणून तो कागद बाजूला ठेवायचा नसतो, त्यातली रुंदी मोजायची असते. तुमच्याकडे तो कागद असेल तर बघा, त्यावर बारीक चौकोनांची जाळी असते. नेहमीच्या वेगानं काढलेल्या ईसीजीत एक बारीक चौकोन म्हणजे 40 मिलिसेकंद. ठोक्यातला जो उंच, टोकदार भाग असतो, त्याची सुरुवात ते शेवट साडेचार चौकोन भरला तर ते 180 मिलिसेकंद झाले. लंडनच्या डॉक्टरांनी 1995 मध्ये दाखवून दिलं की उजवा कप्पा जितका ताणला जातो तितकी ही रुंदी वाढते, आणि 180 च्या पुढे गेलेल्यांमध्ये धोकादायक ठोक्यांची भीती जास्त असते. तेव्हापासून जगभर या रुग्णांचा ईसीजी दर भेटीत असा मोजतात आणि मागच्या वर्षीच्या कागदाशेजारी ठेवून बघतात. घरी मोजून निष्कर्ष मात्र काढू नका. मुद्दा एवढाच, की तुमचा पंधराव्या वर्षीचा ईसीजी घरात सापडला तर तो सोन्यासारखा जपून घेऊन जा.

या दोन्हींपेक्षा जास्त सांगणारी तपासणी म्हणजे हृदयाचा एमआरआय. त्यात उजवा कप्पा मिलिलिटरमध्ये मोजता येतो, गळतीही टक्क्यांत कळते. शरीराच्या आकाराच्या हिशोबानं पूर्ण भरलेला कप्पा अंगाच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला 160 मिलिलिटरच्या वर किंवा आकुंचन पावलेला 80 च्या वर गेला, तर झडप बदलायचा विचार गंभीरपणे करतात, त्रास जाणवत नसला तरीही. गळती खूप असेल आणि त्रासही होत असेल, तर मग आकड्यांची वाट बघत नाहीत. सोबत ट्रेडमिलवरची चाचणी करतील, शक्य असेल तिथे तोंडाला मास्क लावून श्वासातला ऑक्सिजन मोजणारी. आणि तुमच्या धडधडीसाठी 24 तासांचा किंवा त्याहून जास्त दिवसांचा होल्टर, म्हणजे अंगावर लावून ठोक्यांची सतत नोंद करणारं छोटं यंत्र.

ट्रेडमिलचा आग्रह का, तेही सांगते. लहानपणी ऑपरेशन झालेल्या माणसांना ‘दम लागतो का’ असं विचारलं तर ती मनापासून ‘नाही’ म्हणतात. दुसऱ्यांच्या फुप्फुसात किती हवा असते हे त्यांना कधी कळलेलंच नसतं, आणि वर्षानुवर्षं त्यांनी आपला दिवस आपल्या ताकदीएवढाच आखलेला असतो. माझ्यासमोर एका तरुणीनं असंच ‘काही त्रास नाही’ म्हटलं, तर शेजारी बसलेला नवरा म्हणाला, ‘डॉक्टर, ही हल्ली अर्ध्या जिन्यात मोबाईल बघायला थांबते.’ तिच्या स्वतःच्याही ते लक्षात आलं नव्हतं. तुमचा नवरा सोबत हवा, असं मी म्हणते त्यात हेही एक कारण आहे.

जायचं कुठे? जवळच्या शहरात ‘हृदयरोगतज्ज्ञ’ अशी पाटी बघून जाऊ नका. अँजिओप्लास्टीत हातखंडा असलेले उत्तम डॉक्टरही टीओएफचे प्रौढ रुग्ण क्वचितच बघतात. तुम्हाला हवा आहे जन्मजात हृदयरोग बघणारा विभाग. पुण्या-मुंबईच्या मोठ्या रुग्णालयांत तो असतो, मुंबईत महापालिकेच्या केईएमसारख्या ठिकाणी कमी खर्चातही होतं. फोनवर सरळ विचारा, ‘ऑपरेशन झालेले टीओएफचे मोठे रुग्ण तुमच्याकडे कोण बघतं?’ पुष्कळदा उत्तर येईल, ‘बाल हृदयरोग विभाग.’ मग भिंतीवर कार्टून काढलेल्या ओपीडीत बाळांच्या आया-बापांमध्ये बसावं लागेल. बसा. तुमच्या हृदयाची रचना समजणारा माणूस तिथेच आहे.

खरं तर ही अडचण तुमची एकटीची नाही आणि तिचं मला फार वाईट वाटतं. मूल पंधरा-अठराचं झालं की बालविभागाचं दार बंद होतं, आणि पुढचं दार कुठलं हे बहुतेकांना कुणी सांगतच नाही. ‘सगळं छान आहे’ हे वाक्य डॉक्टर ‘आज छान आहे’ अशा अर्थानं बोलतात, घरी ते ‘कायमचं बरं झालं’ असं पोचतं. तुमचे बाबा गेले, घराची घडी विस्कटली, त्यात राहून गेलं, यात तुम्ही स्वतःला बोल लावण्यासारखं काहीच नाही. इंग्लंडमध्ये जेन सॉमरव्हिल या बाईंनी 1970 च्या दशकातच अशा मोठ्या होणाऱ्या मुलांसाठी वेगळा वॉर्ड उभा केला. आपल्याकडे अशी मोजकी केंद्रं आहेत. आणि गरज तर वाढणारच. 2013 मध्ये पालघरमधून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात शाळेतल्या, अंगणवाडीतल्या मुलांची तपासणी होते आणि कितीतरी मुलांची हृदयाची ऑपरेशनं होतात. तो कार्यक्रम अठराव्या वर्षापर्यंतच आहे. त्यात सुरुवातीला ऑपरेशन झालेली मुलं आता त्या उंबरठ्यावर आली आहेत. तुम्ही शिक्षिका आहात. तुमच्या शाळेतही असं एखादं मूल असेल, तर त्याच्या आईला ‘कागद जपा आणि दाखवणं सोडू नका’ हे तुमच्याइतकं पटवून कोण सांगणार?

कागदांचं म्हणजे, घरातली सगळी जुनी फाइल काढा. डिस्चार्ज कार्ड, ऑपरेशन नोट, जुने इको, ईसीजी, सगळं. पिवळं पडलं असलं, फाटलं असलं तरी चालेल. फोटो काढून मोबाईलमध्ये ठेवा आणि एक प्रत नवऱ्याकडे. आपल्याकडच्या नियमानुसार भरती रुग्णाचे कागद तीन वर्षं ठेवणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे, त्यामुळे पंचवीस वर्षांपूर्वीचं काही मिळेलच असं नाही. तरी रुग्णालयाच्या रेकॉर्ड विभागात लेखी अर्ज करून बघा, मोठ्या सरकारी रुग्णालयांत कधी कधी जुन्या नोंदी निघतात. नाहीच मिळालं तर अडून काही बसत नाही. इको आणि एमआरआयवरून अनुभवी डॉक्टर काय केलं होतं ते बरंचसं ओळखतात.

आता झडप बदलायची वेळ आली तर काय, ते ऐका, म्हणजे रात्रीची झोप उडणार नाही. एक मार्ग ऑपरेशनचा. दुसऱ्यांदा छाती उघडणं पहिल्यापेक्षा जिकिरीचं असतं, पण या झडपेसाठी ते अनुभवी हातांत सुरक्षितपणे होतं. दुसरा मार्ग मांडीच्या शिरेतून नळी घालून झडप बसवण्याचा. फिलिप बोनहॉफर यांनी 2000 मध्ये पॅरिसमध्ये असं पहिल्यांदा केलं, म्हणजे तुमचं ऑपरेशन झालं त्याच वर्षी. आता रुंद, पॅच लावलेल्या वाटेत बसतील अशा झडपाही निघाल्या आहेत आणि भारतातही त्या बसवतात. तुमच्या वाटेचा आकार त्याला जमतो का, हे सीटी किंवा एमआरआयवरून ठरतं. खर्च मोठा आहे, तेही मोकळेपणानं सांगते. या जागी सहसा प्राण्यांच्या ऊतीपासून केलेली झडप बसवतात. ती दहा-पंधरा वर्षांनी, कधी त्याहूनही उशिरा, झिजते आणि मग बहुतेकदा तिच्याच आत नळीनं दुसरी बसवता येते. तिचा तुमच्यासारखीला मोठा फायदा म्हणजे वॉरफरिनसारखी रक्त पातळ करणारी गोळी जन्मभर घ्यावी लागत नाही, आणि गरोदरपणात ती गोळी बाळाला घातक असते.

वेळेला महत्त्व यासाठी, की कप्पा एका मर्यादेपर्यंत ताणला असेल तर झडप बदलल्यावर तो पुन्हा आकसतो. फार उशीर झाला तर झडप नवी बसते, पण कप्पा तसाच राहतो. तुम्ही तपासणी टाळलीत तर ऑपरेशन टळणार नाही, त्याचा फायदा मात्र कमी होईल.

मुलाबद्दल. गरोदरपणात रक्ताचं प्रमाण 40 ते 50 टक्क्यांनी वाढतं, आणि ते सगळं हृदयाला फिरवावं लागतं. टीओएफचं ऑपरेशन चांगलं झालेल्या, उजवा कप्पा ठीक असलेल्या बायका हे बहुधा नीट झेलतात, आणि बाळंतपणही बहुतेकींचं नैसर्गिक होऊ शकतं. हृदयाचं ऑपरेशन झालंय म्हणून सिझरच, असा नियम नाही. पण कप्पा आधीच थकलेला असेल, ठोके बिघडत असतील, तर सहाव्या-सातव्या महिन्यात त्रास होऊ शकतो. म्हणून आधी तपासणी. झडप बदलायची असेल तर ती आधी बदलून मग चान्स घेणं शहाणपणाचं. तोवर निरोध वापरा. गर्भनिरोधक गोळ्या मैत्रिणीच्या सांगण्यावरून सुरू करू नका, ठोके बिघडणाऱ्या माणसाच्या हृदयात गुठळी व्हायची भीती असते आणि काही गोळ्या ती वाढवतात. आणि घरात कुणी ‘कधी देणार गोड बातमी’ विचारलं तर नवऱ्यानं उत्तर द्यावं, तुम्ही नाही.

बाळाला हा आजार येईल का, हा प्रश्न तुम्ही लिहिला नाहीत, पण मनात असणारच. कुठल्याही आई-बापांच्या हजार बाळांमध्ये साधारण आठ-नऊंना हृदयाचा जन्मजात दोष असतो. आईला टीओएफ असेल तर शंभरात तीन ते पाच बाळांना. म्हणजे शंभरात पंचाण्णव किंवा त्याहून अधिक बाळं याबाबतीत निरोगी असतात. टीओएफच्या काही रुग्णांमध्ये बाविसाव्या गुणसूत्राचा एक छोटा तुकडा गळालेला असतो, आणि तसं असेल तर बाळाकडे तो जाण्याची शक्यता निम्मी होते. रक्ताच्या तपासणीतून ते कळतं. दिवस राहण्याआधी याबद्दल डॉक्टरांना विचारा. दिवस राहिल्यावर 18 ते 22 आठवड्यांमध्ये बाळाच्या हृदयाचा वेगळा इको करून घ्यायचा. नेहमीच्या सोनोग्राफीवर विसंबायचं नाही.

एक सूचना अशी आहे, जी आपल्याकडे कुणी देत नाही आणि जिच्यामुळे जीव वाचतात. तुम्हाला ताप आला आणि चार-पाच दिवसांत उतरला नाही, किंवा गोळ्या संपल्यावर पुन्हा आला, तर अँटिबायोटिक सुरू करण्याआधी ब्लड कल्चर, म्हणजे रक्तात जंतू आहेत का बघणारी तपासणी, पाठवायला सांगा. ऑपरेशन झालेल्या हृदयात जंतू घर करू शकतात. आपल्याकडे तापाला दुसऱ्या दिवशीच अँटिबायोटिक दिलं जातं, त्यानं ताप दबतो आणि निदान महिनाभर लांबतं. डॉक्टरांना नम्रपणे पण ठामपणे सांगा, ‘माझं टीओएफचं ऑपरेशन झालंय, आधी कल्चर घ्या.’ हे जंतू पुष्कळदा दातांतून येतात. हिरड्यांतून रक्त येत असेल, दात किडला असेल तर उपचार लवकर करून घ्या. कृत्रिम झडप बसवलेल्यांना दात काढण्याआधी अँटिबायोटिकचा डोस लागतो. तुम्हाला आज तो बहुधा लागणार नाही, पण पॅचच्या कडेला गळती उरली असेल तर लागेल, म्हणून हृदयाच्या डॉक्टरांकडून लिहूनच घ्या.

हे वाचणाऱ्या इतरांसाठी थोडंसं. लहानपणी ‘पीडीए’, म्हणजे जन्मानंतर मिटायची पण उघडी राहिलेली हृदयाजवळची रक्तवाहिनी, बंद केली आहे, नंतर सगळं पूर्ण नॉर्मल आहे, अशांना बहुधा आयुष्यभर फेऱ्या माराव्या लागत नाहीत. हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याचं छिद्र मोठ्या वयात बंद केलं असेल, तर पन्नाशी-साठीत ठोके अनियमित होऊ शकतात. महारोहिणी अरुंद होती आणि ती दुरुस्त केली आहे, अशांनी ब्लडप्रेशर दरवर्षी आणि उजव्याच हातात मोजावं, डाव्या हातात ते फसवं कमी येऊ शकतं. एकाच कप्प्यावर चालणारं हृदय, म्हणजे फॉन्टन ऑपरेशन झालेल्यांनी तर एकही भेट चुकवू नये, त्यांच्या यकृताचीही तपासणी लागते. ‘माझं कुठलं होतं ते माहीत नाही’ असं असेल, तर एकदा जाऊन ते माहीत करून घ्या.

खर्चाचं. तुम्हाला वैद्यकीय प्रतिपूर्ती मिळते, तेव्हा कोणत्या रुग्णालयांना ती लागू आहे आणि कोणते कागद आधी लागतात हे पंचायत समितीत तपासणीआधीच विचारा, नंतर धावपळ होते. बाकीच्यांनी महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत असलेल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटावं. त्यात कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. प्रत्येक प्रक्रिया त्यात बसतेच असं नाही, म्हणून आधी नाव सांगून खात्री करा.

आता आई. ‘उकरून काढू नकोस’ म्हणणाऱ्या त्या माउलीनं चार वर्षांच्या निळ्या लेकराला ऑपरेशन थिएटरच्या दारात सोडलं होतं. ती भीती पंचवीस वर्षांनीही तशीच असते. त्यांच्याशी वाद घालू नका. त्यांना सोबत न्या, डॉक्टरांसमोर बसवा. लहानपणाची माहिती तुमच्यापेक्षा त्यांनाच जास्त आहे, आणि त्यांनी ती सांगितली की त्यांचा जीवही जरा हलका होईल.

नवऱ्याला तुम्ही स्वतः सांगा, पत्र दाखवलंत तरी चालेल. सासूबाईंना आत्ता लगेच सांगायची गरज नाही असं माझं मत आहे. अर्धवट माहिती घरात फिरली की ‘हिला मूल होणार नाही’ इथवर जाऊन पोचते. तपासण्या होऊ द्या, डॉक्टर काय म्हणतात ते हातात येऊ द्या, मग नवऱ्यानं आईला सांगावं, तुम्ही शेजारी बसून. पण सांगाच. उद्या दिवस राहिले, पथ्यपाणी, विश्रांती, पुण्या-मुंबईच्या फेऱ्या आल्या, तर घरातल्या मोठ्या बाईच्या आधाराशिवाय ते निभणं कठीण आहे. आणि छातीवरचा व्रण लपवण्यासाठी तुम्ही उन्हाळ्यातही गळाबंद ब्लाउज घालत असाल, तर ते थांबलं तर मला फार आनंद होईल. तो व्रण आहे म्हणून तुम्ही आज वर्गात उभ्या आहात.

तपासणीची तारीख मिळेपर्यंत रोजची कामं चालू ठेवा, सपाटीवर चालणं चालू ठेवा. गड चढणं, शर्यती, जड उचलणं तेवढं थांबवा. चहा-कॉफी कमी करा. धडधड पुन्हा सुरू झाली तर घड्याळ लावून मिनिटाचे ठोके मोजा, लिहून ठेवा, आणि ती चालू असतानाच जवळच्या दवाखान्यात जाऊन ईसीजी काढून घ्या. त्या एका कागदाची किंमत नंतरच्या दहा तपासण्यांहून जास्त आहे. धडधडीबरोबर चक्कर आली, डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा शुद्ध हरपली, तर सकाळची वाट बघायची नाही. नवऱ्यानं लगेच 108 ला फोन करायचा आणि आल्या आल्या डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांगायचं, की हिचं लहानपणी टीओएफचं ऑपरेशन झालंय.